चौदा नंबरचे बाण

सोमवार, ४ तारीख

टिटवीच्या बाईंनी ही वही पाठवली. शाळेत येत नाही तर घरी निदान शुद्धलेखन तरी लिहू दे म्हणून. टिटवी पुढून लिहिते, मी मागून लिहिते. तिचं नाव वेगळं आहे, पण जन्मल्यापासून आवाज असा की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी टिटवी केली आणि तेच राहिलं.

मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट नाही पण हात लगेच भरून येतो. लिहायचं कारण एकच. डोक्यात जे फिरतं ते कुणाला सांगता येत नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, "पोर वाचली ना? मग रडगाणं कशाला." ह्यांना सांगितलं तर हे ऐकतात आणि जेवतात.

शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे. मालाच्या डेपोकडे जाणारे ट्रक ह्याच रस्त्याने जातात. हे त्याच डेपोच्या गेटवर कामाला आहेत, ट्रकचे कागद बघतात. दहा दिवसांपूर्वी मी टिटवीला सोडायला निघाले होते. निम्मा रस्ता झाला आणि तिच्या दप्तराचा बंद निसटला. हात सोडून ती खाली वाकली. मी दंड धरून ओढली. पोर माझ्याकडे आली आणि दप्तर चाकाखाली गेलं. ट्रक थांबलासुद्धा नाही. जेवणाचा डबा कागदासारखा सपाट झाला. तिचा फक्त गुडघा खरचटला. डबा बघून ती खो खो हसायला लागली. म्हणाली, "आई, ह्यात आता काय मावणार?"

भीतीने हसली असणार. काही माणसं तशी हसतात.

तेव्हापासून पाठवलेली नाही.


बुधवार, ६ तारीख

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, खोक्यांच्या थप्पीवर बसून.

माझं काम शर्ट तपासायचं. शिवून झालेला शर्ट टेबलावर येतो, मी ट्यूबलाईटखाली धरते. टीप सुटली, डाग पडला, काज वाकडं झालं की तिथे लाल कागदी बाण चिकटवायचा. बाणाचं टोक दोषाकडे. बाणावर आपला नंबर लिहायचा म्हणजे कुणी तपासलं ते कळतं. माझा चौदा. मग शर्ट दुरुस्तीच्या टेबलावर जातो. कुणाला काही सांगावं लागत नाही, कुणाशी भांडावं लागत नाही. म्हणून मला हे काम आवडतं. तीन वर्षांत माझा एकही शर्ट गिऱ्हाईकाकडून परत आलेला नाही. हे मी कुणाला सांगत नाही पण वहीत लिहायला काय हरकत आहे.

टिटवी रोज सकाळी उठून शाळेचे कपडे घालते. वेणी घालून घेते. मग दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "आज नको ना आई." मी म्हणते नको. ती गुपचूप कपडे बदलते. बिचारीच्या मनातून अजून भीती गेलेली नाही.


शुक्रवार, ८ तारीख

बाईंचा निरोप आला. दीड महिना मूल आलं नाही की पटावरून नाव कमी करावं लागतं, वरून तसा नियम आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तरी पाठवा.

पटावरून नाव कमी. माझं पण असंच झालं होतं. मला वाटलेलं चार दिवसांनी जाऊ. नाव गेलं ते गेलंच.

सुट्टीत काजवालीला सांगितलं. ती काज करायच्या मशीनवर असते म्हणून काजवाली. तिचे दोघे त्याच शाळेत. ती म्हणाली, "तीन अर्ज दिलेत मी वॉर्ड ऑफिसात. तिसऱ्याच्या वेळी पहिला अर्ज त्यांच्या टेबलाच्या पायाखाली बघितला. टेबल डुगडुगत होतं."

"मग आता?"

"मग काय, चौथा. तू चल ह्यावेळी."

"मी नाही बाई. मला बोलता येत नाही."

"बोलायला मी आहे. तू नुसती शेजारी उभी राहा. तुझं तोंडच असं आहे की माणसाला दया येते."

हसले, आणि येते म्हणलं.


सोमवार, ११ तारीख

गेले. आमची सुपरवायझर, तिला सगळ्या पट्टी म्हणतात, गळ्यात कायम मापाची पट्टी असते. तिच्याकडे अर्धा दिवस मागितला. वाटलं ओरडेल. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "नीट बोला तिकडे. रडू नका." एवढंच.

रस्त्यांचे साहेब फायलीत डोकं घालून बसले होते. काजवालीने सुरू केलं की ती थांबत नाही. ट्रक, धूळ, पोरं, मतं, सगळं काढलं. साहेब म्हणाले, "बाई, रस्ता धोक्याचा आहे असं सगळेच लिहितात. धोका म्हणजे काय? नेमकी जागा दाखवा. कुठे काय दोष आहे त्याच्या खुणा करून ठेवा. पुढच्या सोमवारी शाळा भरायच्या वेळी मी पाहणीला येतो."

काजवाली माझ्याकडेच बघायला लागली. हो म्हणतील असं तिला वाटलंच नव्हतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाण लावले तर चालतील?"

साहेब फायलीतच होते. म्हणाले, "लावा. काय लावायचं ते लावा."

येताना काजवाली म्हणाली, "बघ, तुला बोलता येतं." मी म्हणलं ते बोलणं नव्हतं, ते चुकून झालं.

पण खरं सांगायचं तर रस्ताभर माझं डोकं शर्ट तपासावा तसं चाललं होतं. इथे टीप सुटलीय. इथे डाग. इथे शिवणच नाही. इतकी वर्षं ह्या रस्त्याने जाते आणि कधी ट्यूबलाईटखाली धरून बघितला नव्हता.


रविवार, १७ तारीख

आज केलं.

काजवालीचा नवरा रंगकाम करतो. त्याच्याकडचा उरलेला पांढरा रंग आणि दोन ब्रश. पट्टी पण आली, सुट्टीच्या दिवशी, आणि गळ्यात पट्टी होतीच. तिने शर्टाच्या पाठीत घालायचा पुठ्ठा आणला होता, त्यातून बाण कापून काढला. "सगळे एका मापाचे पाहिजेत. वाकडा बाण म्हणजे आपलं काम वाकडं." आम्ही सहा जणी होतो. मी पुढे चालायची, दोष दाखवायची, त्या पुठ्ठा ठेवून रंग मारायच्या.

गटाराचं झाकण नाही, बाण. सलूनसमोर फुटपाथ खचलाय, बाण. शाळा पुढे आहे असा बोर्ड आहे पण झाडाच्या फांदीने झाकलाय, बाण. गतिरोधक झिजून सपाट, बाण. मुलं उभी राहतात तिथे कठडा तुटलेला, बाण. एकंदर एकतीस झाले. प्रत्येकाखाली मी १४ लिहिलं. सवयीने. पहिल्याखाली लिहिलं ते कुणाला खटकलं नाही, कारण आम्ही सगळ्या तशाच.

त्यातला एक जिथे दप्तर गेलं तिथे. तो मी स्वतः रंगवला. हात हलला म्हणून टोक जरा जाड आलंय. पट्टीने बघितलं आणि पुठ्ठा घेऊन पुढे निघाली.

घरी आले तर हाताला रंग. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं घर रंगवून आलीस?" मी म्हणलं रस्ता. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. टिटवीने माझी बोटं फाकवून फाकवून बघितली. आज मला फार बरं वाटतंय. का ते कळत नाही, अजून काही झालेलं तर नाही.


सोमवार, १८ तारीख

काय लिहू.

सकाळी सातला रस्त्यावर पोचलो तर सगळीकडे हॉर्न. आमचे बाण दोष दाखवत होते. पण रस्त्यावर बाण दिसला की माणूस काय करतो? बाण दाखवेल तिकडे जातो. हे आम्हा सहा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. बारा तास शर्टावरचे बाण बघितले की दुसरे कुठले बाण असतात हेच विसरायला होतं.

सलूनसमोरच्या बाणाने मोटरसायकली फुटपाथवर चढल्या. सलूनवाला हातात कात्री घेऊन बाहेर, "माझ्या दुकानात तीन जण गाडीसकट आले, एकालाही दाढी करायची नव्हती." झाडाकडच्या बाणाने एक टेम्पो झाडाशी जाऊन थांबला, ड्रायव्हर उतरून वर बघत होता, आता इथून कुठे. गटाराचा बाण बघून ब्रेडवाल्याची तीनचाकी सरळ गटारात. नशीब, फक्त पुढचं चाक गेलं. ब्रेडवाल्याला काही झालं नाही. पण तो खाली बसून म्हणत होता, "बाण होता हो. बाण होता."

मागे ट्रकची रांग, डेपोपर्यंत. सगळं ठप्प. आणि त्या ठप्प झालेल्या ट्रकच्या मधून शाळेची सगळी पोरं आरामात, गप्पा मारत पलीकडे गेली. ते बघायला कुणाला वेळ नव्हता. मी बघितलं.

साहेबांची जीप पण त्याच रांगेत अडकलेली. ते चालत आले, घामाघूम. खाली वाकून बाण बघितला. दुसरा बघितला. मग सरळ झाले आणि मोठ्याने विचारलं, "हा चौदा नंबर कोण आहे?"

काजवालीने जन्मात पहिल्यांदा जमिनीकडे बघितलं. पण कारखान्यात नंबर पुकारला की हात वर करायचा, तसा माझा हात वर गेला. "मी."

"तुम्ही?"

"तुम्ही म्हणालात लावा."

आजूबाजूला कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "सरकारी रस्त्यावर रंग मारणं हा गुन्हा असतो हे माहीत आहे? आज काळा फासून सगळं बुजवतो. गुरुवारी ऑफिसात या, काय ते लेखी द्या."

गुन्हा. हा शब्द दिवसभर कानात आहे. आज सात शर्टांवर बाण लावायचे राहिले, पट्टीने पकडले. ओरडली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.


बुधवार, २० तारीख

पेपरात आलंय. चार ओळी. "अनधिकृत बाणांमुळे वाहतूक ठप्प." साहेबांनी बाण अजून बुजवलेले नाहीत, रंगवायला माणूस नाही म्हणतात. मधे मधे नुसते दगड ठेवलेत.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी टिटवीकडून ते चार वेळा वाचून घेतलं. मी भांडी घासत ऐकत होते. "परत वाच. नंबर आहे का त्यात? नाही? का नाही?" मग कात्रण कापून आपल्या पत्र्याच्या डबीत ठेवलं. भाजीवाली मला म्हणाली, "तुमच्या सासूबाई सांगत होत्या सगळ्यांना, ती चौदा नंबर आमच्याच घरातली." म्हणजे बाजारभर बदनामी करून झाली. मला रडू आलं पण भाजीवालीसमोर कसं रडायचं.

हे आजकाल अर्धा पाऊण तास उशिरा येतात. विचारलं तर म्हणाले, गेटवर ड्रायव्हर लोकांशी बोलत होतो. माझ्यावर गुन्हा दाखल होतोय आणि ह्यांना गप्पा सुचतात.


गुरुवार, २१ तारीख

लेखी काय देणार. रात्रभर तीन ओळी लिहिल्या आणि त्यापण खोडल्या. साहेबांसमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणलं, "मला लिहिता येत नाही नीट. तुम्ही माझ्याबरोबर रस्त्यावर चला. एकेक बाण का लावला ते सांगते. मग बुजवा."

काजवाली बाहेर बाकावर होती. ती नंतर म्हणाली की तिला वाटलं आता गेली ही.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग टोपी घेतली आणि उठले.

मी पुढे, ते मागे. पहिल्या बाणापाशी मी नुसतं बोट दाखवलं. मग मला वाटलं हा साहेब नाहीच, ही दुरुस्तीच्या टेबलावरची बाई आहे. तिला सांगतो तसं सांगायचं. "हे झाकण पावसाच्या आधीपासून नाही. हा बोर्ड ड्रायव्हरला दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही, इथे उभे राहून बघा. नाही, इथे, माझ्या जागी." ते खरंच उभे राहिले. डोकं वर करून बघितलं. वहीत लिहिलं. असे अठरा झाले. कुठे ते म्हणाले हे माझ्या खात्याचं नाही, कुठे म्हणाले हो हे चुकलंय. सलूनवाल्याने त्यांना पाणी दिलं, मला पण दिलं.

एकोणिसावा जाड टोकाचा.

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. "इथे काय दोष आहे? इथे तर रस्ता गुळगुळीत आहे."

मी म्हणलं, "म्हणूनच. इथे रस्ता चांगला आहे म्हणून ट्रक जोरात येतो. इथे माझी मुलगी वाकली होती."

त्यांनी पेन्सिल कागदावर ठेवली पण लिहिलं नाही. मग विचारलं, "कितवीत आहे?"

"दुसरीत. म्हणजे होती."

पुढचे बारा बाण त्यांनी माझ्या खात्याचं नाही असं एकदाही न म्हणता लिहून घेतले.

शेवटी म्हणाले, रस्ता ओलांडायचे पट्टे, गतिरोधक, कठडा, सगळ्याला मंजुरी लागते, दोन महिने धरा. तोपर्यंत शाळेने पत्र दिलं तर भरताना आणि सुटताना पंधरा पंधरा मिनिटं दोरी धरून गाड्या थांबवायला मी परवानगी देतो. जबाबदार माणूस म्हणून कुणाचं तरी नाव लागेल.

काजवाली मागून आली होती. म्हणाली, "चौदा नंबर लिहा."

"नंबर नाही, नाव."

मग मी माझं नाव सांगितलं. माझं, ह्यांचं, आडनाव, पूर्ण. सरकारी कागदावर माझं नाव मतदानानंतर पहिल्यांदाच लागलं असेल. गुन्ह्याचं मी विचारलं नाही आणि त्यांनीपण काढलं नाही.


सोमवार, २५ तारीख

आज पहिला दिवस.

दोरी आम्हीच केली. अस्तराच्या उरलेल्या लाल पट्ट्या, तीन पदरी वेणी, लांबी पट्टीने मापून दिलेली. एका टोकाला काजवाली, एका टोकाला मी. सुटायच्या वेळी दुसऱ्या आया आणि शाळेचा शिपाई. पट्टीने एक नियम घालून दिलाय. जिच्या हातात दोरी तिने फक्त गाड्यांकडे बघायचं. पोरांकडे बघायचं नाही. "मान वळली की लक्ष गेलं. लक्ष गेलं की शर्ट गेला." शर्ट म्हणाली, तिच्या लक्षात पण आलं नाही.

समोर ट्रक असतो तेव्हा तो घराएवढा दिसतो. खरंच. पहिला ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काय ताई, कपडे वाळत घालायची दोरी का?"

काजवाली म्हणाली, "हो. उतरा, तुम्हालाच घालते."

मागचे ट्रकवाले हसले, हा पण हसला आणि इंजिन बंद केलं. बाहत्तर पोरं गेली. बाईंनी मोजली. मी बघितलं नाही.

कामावर पाच मिनिटं उशिरा पोचलो. पट्टीने घड्याळाकडे पाठ केली.


गुरुवार, २८ तारीख

चार दिवस झाले. ट्रक आता लांबूनच हळू होतात. आज एकजण म्हणाला, "ताई, चौदा नंबर ना तुम्ही? आम्हाला गेटवर सांगून ठेवलंय. आठवडाभर रोज एकच भाषण." साहेबांनी डेपोला पत्र पाठवलं असणार. वाटलं होतं त्यापेक्षा बरा माणूस निघाला. ह्यांना सांगितलं तर हे नुसते "हं" म्हणाले आणि ताट पुढे केलं.

पण आज काजवालीने काढलंच. दोरी गुंडाळताना म्हणाली, "एक विचारू? राग नको येऊ देऊ. सगळ्या गावाची पोरं नेतेस पलीकडे. तुझी कुठाय?"

मला राग नाही आला. लाज वाटली. माझ्या दोरीवर बाहत्तर पोरांच्या आया विश्वास ठेवतात आणि मीच ठेवत नाही. लोक मला रस्त्यात नमस्कार करतात, सलूनवाला बाई म्हणतो, आणि मी घरी जाऊन माझी पोर दाराआड ठेवते. दुसऱ्याचं मूल जाताना मला भीती वाटते, पण मावेल एवढी. टिटवीचं नाव मनात आलं की मावत नाही.

सोमवारी एक तारीख.


रविवार, ३१ तारीख

सकाळी टिटवीला आंघोळ घालत होते. सहज विचारलं, उद्या जायचं का शाळेत. ती साबणाचा फेस फुंकत म्हणाली, "तुला चालेल?"

"मला काय व्हायचंय?"

"नाही, तुझे हात गार पडतात ना."

मी म्हणलं, "माझं सोड. तुला भीती वाटते का सांग."

तिने जरा विचार केला. म्हणाली, "मला पाढे विसरले असतील त्याची वाटते."

कळेना ही पोर माझी काळजी का करते. सात वर्षांची.

सासूबाई बाहेरून ओरडल्या, "सोडायला मी जाईन. तू तुझी दोरी सांभाळ." त्या मोठ्या रस्त्याकडे चार वर्षांत गेलेल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणून. म्हणलं, "आई, तुम्हाला झेपणार नाही." तर म्हणाल्या, "मला बघायचंय ते काय चाललंय. बाजारात सगळ्या विचारतात, मी किती दिवस मनाने सांगू?"

कपडे इस्त्री केले. दोनदा.


सोमवार, १ तारीख

जेवणाची सुट्टी.

सकाळी मी आधी निघाले. टिटवी आणि सासूबाई मागून. सव्वासातला आम्ही दोरी ओढली. पहिलाच ट्रक मोठा, सोळा चाकांचा, माझ्यापासून चार हातांवर थांबला. ड्रायव्हर म्हातारा, पांढऱ्या मिशा. पोरं सुटली. मागे पावलं वाजायला लागली.

मी ट्रककडे बघत होते. मान दगडासारखी केली होती. मागे ती आली का, निघाली का, सासूबाईंनी हात धरलाय का, काही कळेना. नियम माझ्याच तोंडून रोज सगळ्या आयांना सांगितलेला. वळले असते तर कुणी काही म्हणलं नसतं. काजवालीपण नसती म्हणाली. पण दोरी ढिली पडली असती आणि मागे बाहत्तर होती. आज त्र्याहत्तर.

मग मला दिसलं की ड्रायव्हरला तर सगळं दिसतंय. तो उंच बसलाय, माझ्या डोक्यावरून बघतोय.

मी म्हणलं, "काका, दोन वेण्या, नवं हिरवं दप्तर, बरोबर एक म्हातारी. दिसते का?"

त्याने खिडकीतून पुढे वाकून बघितलं. "म्हातारी दिसली. कडेलाच उभी आहे. पोरीने हात सोडलाय तिचा."

"सोडलाय?"

"सोडलाय. एकटी निघालीय. चांगली चाललीय."

दोरी माझ्या बोटांत रुतली होती.

"आता मधे थांबली."

इंजिन बंद होतं तरी मला ट्रकचा आवाज ऐकू येत होता.

"दुसऱ्या पोरीला काहीतरी सांगतेय," तो म्हणाला. "तुमच्याकडे बोट दाखवतेय. मोठ्याने सांगतेय हो, इथपर्यंत ऐकू येतंय. तुम्हाला नाही आलं?"

आलं होतं. टिटवीचा आवाज कुणाला येत नाही? "ती लाल दोरीवाली माझी आई आहे. ती मागे बघत नाही. बघितलं तर ट्रक सुटतात."

मी नाही बघितलं. ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्याची नजर हळूहळू रस्ताभर सरकत गेली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे दोनदा अडली, परत चालली. मग शाळेच्या फाटकापाशी जाऊन थांबली. तो मागे टेकला आणि मिशीवरून हात फिरवला.

"पोचली," म्हणाला.

शेवटचं पोर जाईपर्यंत मी दोरी धरून ठेवली. मग खाली केली, कडेला झाले आणि त्याला म्हणलं, "जा आता. हळू जा."